जुन्या डब्यांना लागणारा हात

महाराज साडेअकराला बसणार, ही बातमी दहालाच चारही खोल्यांत पोचली होती. सव्वाअकराला त्यांच्या खुर्चीमागे पाय ठेवायला जागा उरली नाही. पॅकिंगच्या दोघी हात पुसत आल्या, सोल्डरिंगवाला तापलेली सळई स्टँडवर ठेवून आला, आणि साहेब दाराच्या चौकटीला टेकून असे उभे राहिले, जणू ते सहज चालले होते आणि चौकट मध्ये आली.

महाराजांनी चष्मा पुसला. कीबोर्ड उलटा धरून झटकला. मग कॉम्प्युटरच्या खोक्यावर तीन टिचक्या मारल्या.

"मोबाइल बंद."

मोबाइल बंद झाले.

"खिडकीत कोण आहे? बाजूला व्हा. प्रकाश अडतोय."

"प्रकाशाचा काय संबंध, महाराज?" सोल्डरिंगवाल्याने विचारलं. तो काही नास्तिक नव्हता, नुसता चौकस होता.

"संबंध विचारायचा नसतो. संबंध असतो."

माना डोलल्या. साहेबांचीही डोलली, जराशी.

"यंत्राला माणूस कळतो," महाराज म्हणाले. "नवा डबा कुणाच्याही हातून घेईल. तरुण पोर आहे, दगड खाऊन पचवेल. जुना डबा म्हणजे म्हातारं माणूस. त्याला ओळखीचा हात लागतो. हातगुण म्हणतात तो हाच." मग दाराकडे न बघता, "ती नवी आत नाही ना?"

नवी दाराबाहेर होती. पाच महिन्यांपूर्वी कामाला लागलेली, अजून कच्च्या नोकरीतली. भिंतीला पाठ लावून ती आपल्या चपलांकडे बघत होती.

"राग मानू नकोस गं पोरी," महाराज मोठ्याने म्हणाले. "तुझ्यात वाईट काही नाही. तुझा हात या डब्यांना लागू पडत नाही, एवढंच."

मग त्यांनी एक आज्ञा टाइप केली. या ऑफिसात सगळे हीच टाइप करतात, अक्षर न अक्षर तीच. बारा मिनिटांनी बिल्ड तयार झालं, म्हणजे डब्यात भरायचा प्रोग्रॅम. तो टेबलावरच्या, तापमान मोजणाऱ्या जुन्या डब्यात भरला. हिरवा दिवा लागला. पण हिरव्या दिव्यावर आता कुणाचा भरवसा नव्हता. सगळे तासभर तिथेच घोटाळले. तास उलटला, डब्याच्या पडद्यावर तापमानाची सरासरी उमटली आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत थोरली होती. या खोलीत सगळ्यांत जुनी ती, म्हणून थोरली. बिल्डची स्क्रिप्ट, म्हणजे ती एक आज्ञा मिळाल्यावर कॉम्प्युटरने क्रमाने काय काय करायचं याची यादी, तिनेच लिहिलेली. टाळ्या वाजवताना ती दाराकडे बघत नव्हती.

*

न पाठवलेला निरोप. सोमवार, दुपारी पाऊण.

साहेब, महाराजांच्या हातगुणाबद्दल थोडं बोलायचं होतं. घाई नाही.

*

घाई होती.

हा डबा लशींच्या फ्रिजवर बसतो. आतलं तापमान मोजत राहतो आणि ते चढलं की बोंब ठोकतो. मागच्या आठवड्यात महाराज रजेवर असताना एका दवाखान्याला जुन्या डब्यांसाठी तातडीने नवं बिल्ड हवं होतं. नवीने केलं. एरवी टेस्टर डबा दिवसभर चालवून बघतो. त्या दिवशी साहेब डोक्यावर उभे होते, म्हणून अर्ध्या तासात हिरवा दिवा बघून त्याने सोडून दिला. दवाखान्यात चार डबे तासाभराने आतून मेले. दिवे मात्र हिरवेच राहिले. त्या दुपारी एका फ्रिजचं दार नीट लागलेलं नव्हतं.

नर्सचा फोन थोरलीनेच उचलला होता.

"दिवा हिरवा होता हो," नर्स म्हणत होती. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी दिव्यावर विश्वास ठेवला. काल संध्याकाळी हाताने थर्मामीटर लावला तेव्हा कळलं. सगळ्या लशी टाकून दिल्या. आज चाळीस पोरं रांगेत होती, त्यांच्या आयांना काय सांगू?"

"आम्ही बघतो," थोरली म्हणाली.

आम्ही बघतो. आणि बघितलं काय? बघितला नवीचा हात. शुक्रवारी साहेब तिच्या कच्च्या नोकरीचा फॉर्म भरणार होते, आणि त्यात 'या कामास योग्य नाही' असं लिहिणार होते. तसं ते चहाच्या मशीनपाशी चार जणांना सांगून मोकळे झाले होते.

आता थोरलीला काय माहीत होतं ते सांगतो. तिच्याच शब्दांत सांगितलं असतं, पण ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

शिंपी आपल्या दुकानात बसून दुसऱ्याच्या मापाचा कपडा शिवतो. तसंच इथलं काम. बसायचं ऑफिसच्या कॉम्प्युटरपुढे आणि प्रोग्रॅम शिवायचा डब्यातल्या चिपच्या मापाचा. ती चिप वेगळ्याच जातीची, तिला कळणाऱ्या आज्ञा वेगळ्या. बरं, डबे दोन तऱ्हेचे. नव्या डब्यात नवी चिप, जुन्यात जुनी. माप कुणीतरी सांगायला हवं. ते सांगायची सोय अशी, की आपण लॉग-इन केलं की कॉम्प्युटर आपल्या खात्याभोवती काही चिठ्ठ्या डकवून ठेवतो. भाषा ही, घड्याळ ते, छपाई अमक्या प्रिंटरवर. पडद्यावर त्या दिसत नाहीत. प्रोग्रॅम मात्र त्या वाचतात. जाणते लोक त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. आपण चिठ्ठी म्हणू.

चार वर्षांपूर्वी नवी चिप आली तेव्हा थोरलीने स्क्रिप्टमध्ये लिहिलं: चिपची चिठ्ठी असेल तर तिच्यात लिहिलेल्या मापाने शीव, नसेल तर नव्या चिपचं माप धर. गुपचूप धर, विचारू नकोस. जुन्या डब्यांचं काम तेव्हा एकटे महाराज बघत. तेव्हा ते महाराज नव्हते, नुसते सहकारी होते. थोरली त्यांच्या खुर्चीत बसली आणि त्यांच्या खात्यात चिठ्ठी चिकटवून आली. चिप: जुनी. एक ओळ. बाकीच्यांना उद्या सांगू, म्हणाली.

तो उद्या उजाडला नाही. बाकीचे कधीमधी जुन्या डब्याला हात लावत. कपडा नव्या मापाचा शिवून निघे. उभ्या माणसाला तो ठीक दिसे, बसायला गेलं की उसवे. तासाभराने डबा सरासरी काढायला बसला, की जुन्या चिपला न कळणारी आज्ञा समोर येई आणि ती जागच्या जागी थांबे. हिरव्या दिव्याची तार वेगळी, तो जळत राही. मग कुणीतरी म्हणालं, महाराजांच्या हातून कसं होतं बघा. आधी चेष्टेत म्हणालं. चेष्टेला पाय फुटले.

दोन वर्षांपूर्वी थोरलीला शंका आली. सगळे जेवायला गेले असताना तिने बघितलं, तर ओळ तिथेच होती. तेव्हा सांगितलं असतं तर लोक हसले असते आणि संपलं असतं. पण साहेबांनी त्याच आठवड्यात महाराजांना सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. आपल्या गबाळेपणाची आरती होतेय, हे मध्येच उठून कोण सांगणार? आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटली होती. तिने आपलं झाकून ठेवलं.

दोन वर्षं ही गंमत होती. आता चाळीस पोरं होती.

*

न पाठवलेला निरोप. मंगळवार, सकाळी दहा.

साहेब, जुन्या डब्यांच्या बिघाडामागे एक तांत्रिक कारण असण्याची शक्यता नाकारता येत नाही असं

(इथे ती थांबली. 'शक्यता नाकारता येत नाही' हे आपल्याच बोटांनी लिहिलेलं वाचून तिने निरोप बंद केला.)

*

मंगळवारी दुपारी नवी थोरलीच्या टेबलापाशी आली. हातात कागद होता.

"ताई, मला एक तपासणी करायची आहे. तुमची परवानगी लागेल."

"कसली?"

"माझा हात खराब आहे का, याची."

थोरलीने वर बघितलं. पोरीच्या तोंडावर चेष्टा नव्हती.

"चार बिल्ड," नवी म्हणाली. "महाराज त्यांच्या खात्यातून, मी माझ्या. मग ते माझ्या खात्यातून, मी त्यांच्या. चार जुने डबे एका टेबलावर. मी स्क्रिप्ट वाचली. ती कुठलंतरी माप बाहेरून घेते. पण कुठून घेते, काय मिळतं, ते माझ्या खात्यात दिसत नाही. आज्ञा तर आम्ही सगळे एकच देतो. मग फरक माणसात आहे की खात्यात, हे आधी कळायला हवं."

इथे थोरलीने बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तिच्या मनात आलं, हिनेच शोधलं तर बरं, ओळीवर माझं नाव कुठे आहे.

"कर," ती म्हणाली. "उद्या कर."

"तुम्हाला काय वाटतं, ताई? माझा हात?"

"छे गं. असं काही नसतं."

"मग काल टाळ्या का वाजवल्यात?"

थोरलीने कागदपत्रं सारखी केली. ती सारखीच होती.

*

बुधवारी सोमवारपेक्षा जास्त गर्दी होती. महाराज खुशीत होते. सत्यनिष्ठ माणसाला परीक्षेची भीती नसते, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. टेस्टरने डबे ओळीने मांडले आणि वहीत लिहीत गेला:

पहिला. महाराज, महाराजांचं खातं. चालला.

दुसरा. नवी, नवीचं खातं. तासाला मेला.

तिसरा. महाराज, नवीचं खातं.

तिसऱ्याच्या वेळी महाराजांनी तीनऐवजी सहा टिचक्या मारल्या. तासाला मेला.

चौथा. नवी, महाराजांचं खातं. महाराजांनी स्वतः पासवर्ड टाकला आणि खुर्चीतून उठले. नवीने टिचकी मारली नाही, मोबाइल बंद करायला सांगितलं नाही, आणि पॅकिंगवाली खिडकीत उभी होती तिला तिथेच राहू दिलं. टाइप केलं. चालला.

खोलीत कुजबुज झाली. महाराजांनी हात वर केला.

"यात नवल काय? मी तिच्या खुर्चीत बसलो, तिचा परिणाम. ती माझ्या खुर्चीत बसली, माझा परिणाम."

"म्हणजे गुण हाताचा नाही, खुर्चीचा?" नवीने विचारलं.

महाराजांनी विचार केला. "खुर्चीचा."

"आणि कॉम्प्युटरचा?"

"त्याचाही थोडा."

"बरं." नवीने महाराजांना थोरलीच्या कॉम्प्युटरवरून त्यांचं खातं उघडायला सांगितलं. इथे कुणाचंही खातं कुठूनही उघडतं. मग सोल्डरिंगवाल्याचं तीन पायांचं स्टूल ओढून तिने त्यावर बसून पाचवं बिल्ड केलं.

"स्टुलाचा गुण काढू नका हां," सोल्डरिंगवाला म्हणाला. "त्याचा एक पाय लंगडा आहे."

लोक हसले. महाराजही हसले, पण त्यांचं हसू उशिरा आलं आणि लवकर गेलं. एक तास कुणी जागचं हललं नाही. पाचवा डबा चालला.

"हात नाही," टेस्टर वही बघत म्हणाला. "खुर्ची नाही. कॉम्प्युटर नाही. खातं."

नवीने दोन्ही खात्यांच्या चिठ्ठ्यांची यादी कॉम्प्युटरकडून मागवली आणि शेजारी शेजारी लावली. नाव, घर वगैरे खात्याखात्याचं असतं तेवढं सोडलं तर बाकी सगळ्या जुळत होत्या. महाराजांच्या यादीत एक जास्त होती. तिने ती मोठ्याने वाचली. चिप: जुनी. मग आपल्या खात्यात तीच चिठ्ठी चिकटवून, आपल्याच नावाने, आपल्याच हाताने सहावं बिल्ड केलं.

तो डबा तासभर चालायच्या आधीच साहेबांचा आवाज आला.

"महाराज, ही ओळ तुमच्या खात्यात आहे."

"आहे खरी."

"म्हणजे चार वर्षं तिथेच असणार. चार वर्षं तुम्ही आम्हाला टिचक्या दाखवताय. दवाखान्यात एवढं झालं तरी बोलला नाहीत?"

महाराजांचा चेहरा उतरला. "साहेब, मला ही ओळ माहीत नाही. शपथेवर सांगतो."

"तुमच्या खात्यात तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

खोलीचं मत फिरलं. मघाशी माना डोलावणारेच आता पुटपुटू लागले, की पहिल्यापासूनच संशय होता, ते खिडकीचं नाटक कशाला होतं ते आता कळलं. सोमवारी पुरावा नसताना एकाला देव केलं होतं, बुधवारी पुरावा नसताना त्यालाच चोर करत होते. डोकं दोन्ही वेळा वापरायचं राहूनच गेलं होतं.

नवी म्हणाली, "साहेब, ओळ त्यांनीच लिहिली हे अजून कुठे सिद्ध झालंय?" आणि तिने थोरलीकडे बघितलं. काही ठाऊक होतं म्हणून नव्हे. स्क्रिप्ट थोरलीची होती, तिला विचारणं सरळ होतं.

"ताई, हे कुणी केलं असेल?"

थोरलीने पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघितलं. अजूनही एक वाट होती: माहीत नाही, बघावं लागेल. आम्ही बघतो.

"मी," ती म्हणाली.

साहेबांना ऐकू आलं नाही. "काय?"

"ती ओळ मी लिहिली. चार वर्षांपूर्वी, महाराजांच्या खुर्चीत बसून. त्यांना नीट सांगितलंही नाही. बाकीच्यांना उद्या सांगणार होते." तिने साहेबांकडून नजर नवीकडे वळवली. "एवढं असतं तर विसरले म्हटलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी मी बघितलं. तेव्हापासून माहीत होतं. काल ही परवानगी मागायला आली, तेव्हाही माहीत होतं. हिच्या हातात काहीही वाईट नाही. त्या लशी माझ्यामुळे गेल्या."

"थोडं आमच्यामुळेही," टेस्टर हळूच म्हणाला. "मी अर्ध्या तासात सोडलं."

साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं.

महाराज खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी कॉम्प्युटरच्या खोक्यावर हात ठेवला होता, टिचकी न मारता. "चार वर्षं मी याच्याशी बोललो," ते म्हणाले. "हे एकदाही उलटून बोललं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं मला." मग थोरलीला, "तुम्ही रोज माझ्या शेजारी बसून चहा प्यायचात हो."

"हो."

"एकदा सांगायचं."

 थोरलीने त्यांच्याकडे बघून मान हलवली.

"फॉर्म मी वेगळा लिहितो," साहेब नवीला म्हणाले. "तुझा." आणि थोरलीला, "तुमच्याबद्दलही लिहावं लागेल, ताई."

"लिहा. आणि दवाखान्याला मी आजच कळवते. कारणासकट."

पॅकिंगवालीने विचारलं, "पण आम्हाला काय कळणार हो असलं? आम्ही काय करायचं होतं?" प्रश्न खोटा नव्हता, म्हणून नवीने नीट उत्तर दिलं.

"यंत्र कळायची गरजच नव्हती. एकाच्या हातून होतं आणि दुसऱ्याच्या हातून नाही, असं दिसलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. माणूस बदला. खुर्ची बदला. जे बदलल्यावर निकाल बदलतो, कारण त्याच्या आसपास असतं. यात भक्ती लागत नाही, वही लागते. आणि कुणी म्हणालं की संबंध विचारायचा नसतो, तर तो नेमका तिथेच विचारायचा."

"आणि ज्याला संबंध माहीत आहे," थोरली म्हणाली, "त्याने विचारायची वाट बघू नये. चमत्कार जितका करणाऱ्याच्या, तितकाच माहीत असून बघत बसणाऱ्याच्या जिवावर चालतो. मी चालवला."

सहावा डबा तास उलटूनही चालू होता. लोक एकेक करून पांगले. नवीने आपली खुर्ची ओढून थोरलीच्या शेजारी लावली.

"स्क्रिप्ट उघडा, ताई."

थोरलीने उघडली. चिठ्ठी नसेल तर नव्या चिपचं माप धर, ही ओळ तिने खोडली. तिच्या जागी लिहिलं: चिठ्ठी नसेल तर काहीही धरू नकोस. थांब, आणि चिप कोणती ते विचार. शिवायला घेतलंस तर कोणत्या मापाने शिवतो आहेस ते पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखव.

नवी शब्द न शब्द वाचत होती. विश्वास ठेवून नव्हे, तपासत.

"वर टीप घाला," ती म्हणाली. "का बदललं त्याची. पुढे कुणीतरी वाचेल."

थोरलीने लिहिलं: पूर्वी हे माप गुपचूप धरलं जात असे आणि जुन्या चिपची चिठ्ठी एकाच खात्यात होती. ती मी ठेवली होती. नंतर लक्षात आल्यावरही मी सांगितलं नाही.

"'नंतर' नको," नवी म्हणाली. "किती ते लिहा."

थोरलीने 'नंतर' खोडलं आणि लिहिलं, दोन वर्षं.